नळी खाली आहे

मला मराठीत भांडता येतं, लिहिता येत नाही. आम्ही देवासचे, तिथल्या थोरल्या-धाकट्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीतले. घरात पणजोबांपासून मराठी. पण शाळा हिंदी, दोस्त हिंदी, नोकरी हिंदी. आरतीचं पुस्तकसुद्धा मी बोट ठेवून वाचतो. तरी हे मराठीतच लिहायला बसलोय, कारण ज्या बाईबद्दल लिहायचंय तिला हिंदीत लिहिलेलं चाललं नसतं. सरकारी अर्ज मी हिंदीत देऊन आलोय, त्याचं काय व्हायचं ते होईल. अर्जात लाज लिहायला रकाना नसतो, म्हणून हे वेगळं.

मथुरा जगदाळे. गंधवानीच्या आरोग्य केंद्रात नर्स. मी तिथेच लॅबमध्ये, रक्त-लघवी तपासणारा. ती मूळची धारची. तिचे पूर्वज दरबाराच्या फरासखान्यात तंबू शिवायचे, आणि ते तिनं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं. खांद्यावरची पिशवी पुढे करून म्हणाली, "बघ, तंबूचा टाका आहे. तीस वर्षांत उसवला नाही." पिशवी खाकी जाड कापडाची. तिच्यात रक्तदाबाचं यंत्र, सुया, नळ्या, लोहाच्या गोळ्या, शेवेची पुडी आणि एक वही. शेव ती कशावरही घालायची, वरणभातावरसुद्धा.

ओळख झाली तीच भांडणानं. मी नवा, सव्वीस वर्षांचा, तोंडानं फटकळ. कपाटातला कापसाचा डबा उघडून ओरडलो, "मावशी, हा डबा खाली आहे!"

ती टेबलाशी वहीत काही लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "खाली कुठे? तुझ्या हातात आहे."

"अहो, खाली म्हणजे खाली. कापूस संपला."

"मग रिकामा म्हण की रे. खाली म्हणजे खाली, वर म्हणजे वर. देवासला एवढंही शिकवत नाहीत होय? बाकी धाकटी पाती तुमची. थोरल्यांनी सगळी मराठी नेली असेल, तुमच्या वाट्याला एवढीच उरली."

मला असा राग आला म्हणता! पण हसूही आलं. तेव्हापासून मी तिचा 'देवासकर' झालो. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. आणि 'खाली' हा तिचा रोजचा खेळ झाला. मी मुद्दाम म्हणायचो, "मावशी, पोट खाली आहे," आणि ती म्हणायची, "असणारच. डोक्याच्या वर पोट कुणाचं असतं?"

चिठ्ठ्या ती मराठीतच लिहायची. सकाळी गावं फिरायला जायची आणि जाताना माझ्यासाठी फ्रीजच्या दारावर चिठ्ठी चिकटवून जायची. अक्षर टपोरं, जुन्या वळणाचं. मी एकदा कुरकुरलो, "हिंदीत लिहा ना, माझा वेळ जातो." ती म्हणाली, "दिवसभर हिंदी, मालवी आणि ह्या पाड्यांवरची भिलाली बोलून माझा जबडा दुखतो. ह्या पंचक्रोशीत मराठीचं एक माणूस मिळालंय, त्याला मी हिंदीत चिठ्ठी लिहू?"

तेव्हापासून मी चिठ्ठ्या बोट ठेवून वाचायला लागलो.

तिची एक सवय होती. समोर कुणीही येवो, बाई असो, बुवा असो, ती बोलता बोलता अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून आतली लाली बघायची. "जीभ खोटं बोलते, पापणी बोलत नाही," असं म्हणायची. सासवा सांगायच्या, बहू दोन वेळा पोटभर जेवते. मावशी तिची पापणी ओढायची आणि सासूकडे नुसतं बघायची. सासू लगेच आत जाऊन भाकरी घेऊन यायची.

धारला महिन्याची बैठक असायची. मोठे साहेब फळ्यावर तक्ते दाखवायचे आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "कोई भी कॉलम खाली नहीं रहना चाहिए." दर बैठकीत पाच-सात वेळा. मावशीचे रकाने मात्र कायम रिकामे असायचे. ज्या बाईचं वजन केलं नाही तिथे वजन नाही, जिचं रक्त मिळालं नाही तिथे काही नाही. एकदा साहेबांनी तिला उभं केलं. "सिस्टर, ये सब खाली क्यों है?"

"क्योंकि मुझे मालूम नहीं है, सर."

"अंदाज़ से कुछ तो भरिए!"

मावशी जागेवरून निघाली ती थेट त्यांच्यापाशी गेली आणि त्यांना कळायच्या आत तिनं त्यांची पापणी ओढली. "सर, आपका खून कम है. ये मैं अंदाज़ से नहीं बोल रही." अख्खा हॉल हसला. साहेबांनी पुढच्या आठवड्यात गुपचूप रक्त तपासलं म्हणे, आणि खरंच कमी निघालं. येताना बसमध्ये ती मला म्हणाली, "माहीत नाही ते रिकामं ठेवावं, देवासकर. रिकाम्या जागेची लाज नसते."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, मान डोलावली आणि शेव खाल्ली.

तिची वही हा वेगळाच प्रकार. "रजिस्टर सरकारचं, वही माझी." रजिस्टरात महिना, वजन, रक्तदाब. वहीत घर. चूल कुठे आहे, धूर कुठून जातो, पाणी किती लांबून आणते, कपाशीवर फवारा मारायला जाते का, पहिलं मूल आहे का गेलं, गेलं तर कशानं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही बाळ बघायला जाता की घर?" तर म्हणाली, "अरे, बाळ आपल्याला दिसतं तेव्हा ते नऊ महिने त्या घरात राहून झालेलं असतं. आईनं गिळलेला धूर त्यानं गिळलेला असतो. आई उपाशी झोपली तर तेही झोपतं. पोटात असताना जे कमी पडतं ना, ते पोरगं चाळिशीत गेलं तरी वसूल करत बसतं."

गावांमध्ये तिला 'कवेलूवाली बाई' म्हणायचे. कवेलू म्हणजे कौलं. एका घरात सहा महिन्यांची पोटुशी बाई चुलीपुढे खोकत बसलेली, घरात धूर इतका की माणूस दिसेना. मावशीनं सासऱ्याला सांगितलं, चुलीवरची दोन कौलं सरकवा. तो हो हो म्हणत बिडी ओढत राहिला. ही बाई पन्नाशीची. तिनं पदर खोचला, माचावर चढली, तिथून छपरावर, आणि दोन कौलं काढून खाली दिली. म्हातारा ओरडायला लागला, "बारिश में पानी आएगा, बाई!"

ही छपरावरूनच म्हणाली, "पानी आएगा तो तगारी रख देना. धुआँ आएगा तो क्या रखोगे?"

त्यानंतर तिला पाहिलं की लोक आपणहून कौलं सरकवायचे. बाई छपरावर चढून पडली तर नसती आफत, म्हणून असेल.

आता सुमलीचं सांगतो. इथवर लिहायला मला मजा आली हे कबूल करतो, आणि इथून पुढे टाळावंसं वाटतंय हेही.

आमच्या भागात सिकलसेल फार. आईबापांत तो लपून असतो, त्यांना काही त्रास नसतो. दोघांमध्येही असला तर दर बाळंतपणाला चारात एक धोका, की बाळाला तो पुरा उतरेल. त्याचं रक्त मग अडतं, हातपाय सुजतात, साध्या तापानं जीव जातो. पण आधी कळलं तर पुष्कळ करता येतं. दिवस लवकरचे असतील तर इंदूरला पोटातल्या बाळाची तपासणी होते. ते नाही जमलं, तर जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन बघता येतं. मग रोजचं औषध, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं. अशी पोरं मोठी होतात, शाळेत जातात. न कळलेली पोरं कशानं गेली तेसुद्धा कुणाला कळत नाही. 'सूजन आई और मर गया', एवढंच.

सुमलीचं पहिलं पोर असंच गेलेलं, सव्वा वर्षाचं. मावशीच्या वहीत ते होतं : 'दोन्ही हात सुजले, डोळे पिवळे.' म्हणून सुमलीला पुन्हा दिवस गेल्याचं कळल्यावर ती तिसऱ्या महिन्यातच तिच्या पाड्यावर जाऊन बसली. सासू रक्त काढू देईना. "खून निकालोगी तो बच्चा सूख जाएगा." मावशीनं काय केलं असेल? सासूच्या समोर स्वतःच्या दंडात सुई खुपसली, नळीभर रक्त काढलं आणि म्हणाली, "लो, मैं सूखी क्या?" नवरा, नानसिंग, त्या दिवशी बाजाराला गेलेला, त्याचं राहिलं. पेरणी उरकली की सगळं कुटुंब मजुरीला गुजरातला जाणार होतं, म्हणून घाई. सुमलीचं तरी रक्त घेऊन ती संध्याकाळी केंद्रात आली. शनिवार होता. मी दुपारच्याच बसनं देवासला पळालो होतो. दर शनिवारी पळायचो.

सोमवारी सकाळी आलो. मावशी रजेवर, धारला तिची थोरली बहीण वारली होती. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी : 'सुमलीची नळी खाली आहे. नवरा भेटला नाही.'

टेबलावरच्या स्टँडला जांभळ्या टोपणाची एक नळी. तिच्यावर नाव 'सुमली', आत काही नाही. रिकामी.

मी चिठ्ठी वाचली, नळी बघितली, आणि मला सगळं समजलं. म्हणजे, मला वाटलं समजलं. नळी खाली आहे. रक्त मिळालं नाही, नवराही भेटला नाही. झालं.

चार वर्षं जिनं माझं 'खाली' सुधारलं, जी मेली तरी 'रिकामी'ला 'खाली' म्हणाली नसती, तिची ही चिठ्ठी आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वाचणारा मी हिंदीत वाचत होतो, अक्षरं तेवढी मराठी होती. खरा प्रकार असा होता : पहिल्या खेपेला शीर मिळाली नाही, म्हणून नाव घातलेली ती नळी कोरी राहिली आणि मावशीनं ती परत आणून स्टँडला लावली. दुसऱ्या नळीत रक्त मिळालं. फ्रीजचा वरचा कप्पा शिबिराच्या नळ्यांनी भरलेला होता, म्हणून ती तिनं खाली ठेवली. खाली, म्हणजे खालच्या भाजीच्या खणात. आमचा फ्रीज घरगुती होता, त्याला तो खण होता, आणि तो मी कधी उघडत नसे.

इथवर चूक होती. चुकीची मला तेवढी लाज नाही.

त्याच दुपारी यादी धारला जायची होती. सुमलीच्या नावापुढचा रकाना मोकळा. फोन येणार, साहेब ओरडणार, 'कॉलम खाली क्यों है'. मी मनात म्हटलं, परत आली की घेऊ रक्त, तोवर काय बिघडतंय. आणि लिहिलं, 'सामान्य'. हिंदीतही सामान्य, मराठीतही सामान्य. त्या शब्दात काही घोळ नाही.

मावशी दहा-बारा दिवसांनी आली. डोळे सुजलेले, तरी आल्या आल्या पहिलं हेच विचारलं, "सुमलीचं काय आलं?"

तेव्हा सांगता आलं असतं, की मावशी, नळी रिकामी होती ना? एवढं म्हटलं असतं तरी तिनं तिथेच माझा कान धरला असता, खण उघडला असता आणि सगळं निस्तरलं असतं. पण यादी गेली होती. मी म्हणालो, "ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय मावशी! स्टँप मारून देऊ का?"

ती हसली. म्हणाली, "बरं झालं बाई. मला फार धाकधूक होती." आणि वहीत लिहिलं. कुटुंब तोवर गुजरातला गेलं होतं.

गौरींच्या सुमारास दोन दिवस वीज गेली. फ्रीजचं बर्फ वितळून खालचा खण पाण्यानं भरला, तो मी ओढला. आत स्टीलच्या पेल्यात, कापसाच्या बोळ्यावर, एक नळी उभी करून ठेवलेली. कापूस तिनं इतका नीट लावला होता. नळीवर टपोऱ्या अक्षरात 'सुमली, नानसिंगची'. आतलं रक्त काळं पडलेलं.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. खाली. अरे, खाली!

सुमलीला तेव्हा नुकता सहावा महिना लागला होता. बाळ जन्मायचं होतं, बोलायला वेळ होता. मावशी शेजारच्या खोलीत बाळंतिणींशी बोलत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. मी नळी कचऱ्यात टाकली, वर दोन मूठ कापूस टाकला आणि हात धुतले.

दिवाळीनंतर कुटुंब परतलं. कडाक्याच्या थंडीत, शनिवारी पहाटे, सुमली आमच्याच केंद्रात बाळंत झाली. मुलगी. शनिवार म्हणजे थावर, म्हणून नाव थावरी. मावशी बाळाला फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलाशी आली. "देवासकर, आईचं ठीक आहे म्हणतोस, पण पहिलं पोर तसं गेलंय. माझं मन मानत नाही. टाचेतला थेंब घेऊन टाकू का?"

टाचेच्या तपासणीची किटं मोजकी यायची आणि ज्या आयांमध्ये दोष निघाला त्यांच्याच बाळांसाठी असायची. पण खरं कारण ते नव्हतं. थेंब घेतला आणि त्यात निघालं, तर आईचं 'सामान्य' कुठून आलं, हे कुणीही विचारलं असतं.

मी म्हणालो, "आई निगेटिव्ह आहे मावशी. किट फुकट जाईल. उद्या खरी गरज लागली तर कुठून आणू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बाळ डाव्या हातावर घेऊन उजव्या अंगठ्यानं माझी पापणी ओढली. "फिका पडलायस रे. लोहाच्या गोळ्या घे चार दिवस." आणि बाळाला घेऊन गेली. तिनं दिलेल्या गोळ्या मी इमानानं खाल्ल्या.

थावरी आठ महिन्यांची असताना तिचे तळहात सुजले. मावशी वही घेऊन दाराशी आली, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "रिपोर्ट ठीक आहे म्हणजे हे दुसरं काही असणार. मुंगी चावली असेल, काटा लागला असेल." जी बाई साहेबांच्या अंदाजावर विश्वास ठेवत नसे, ती माझ्या एका शब्दासाठी स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवत होती. सूज उतरली. मी सुटकेचा श्वास सोडला. असा नीच माणूस होतो मी, लेकराची सूज उतरली म्हणून नव्हे, मी वाचलो म्हणून बरं वाटलं.

पुढे ती तीन-तीनदा तापली. दर वेळी साधा ताप म्हणून औषध. पावणेचार वर्षांची होती तेव्हा एका सकाळी अंगणात खेळता खेळता पडली. उठली तेव्हा उजवा हात चालेना, तोंड वाकडं. मावशीच तिला मांडीवर घेऊन ॲम्ब्युलन्सनं इंदूरला गेली. तिथे रक्त तपासलं. सिकलसेल, पुरा. मेंदूला रक्त अडल्यानं एक बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले, हे जन्मतःच कळलं असतं, लक्ष ठेवता आलं असतं, बहुतेक टळलं असतं. कुणीच कसं बघितलं नाही?

चौकशी बसली. तीन माणसं आली. रजिस्टरात सुमलीचं रक्त घेतल्याची नोंद, माझ्या यादीत 'सामान्य'. मावशी बाहेरच्या बाकावर बसलेली, दार उघडं. मला विचारलं, "सैंपल की जाँच आपने की थी?"

मी म्हणालो, "सर, हमारे पास जो नली आती है, उसी को जाँचते हैं. नाम सिस्टर ही लिखती हैं."

बघा, एक शब्द खोटा नव्हता. आठवड्याभरात ठरलं, की नर्सकडून नळ्यांच्या नावांची अदलाबदल झाली असावी. मावशीवर ठपका, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना जिल्ह्याच्या पार टोकाला, डहीला बदली.

निघायच्या दिवशी तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि उलट मलाच समजावलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. चूक माझीच असणार. स्वतःचंही रक्त काढलं होतं ना मी त्या दिवशी, सासूला दाखवायला. तीच नळी गेली असेल सुमलीच्या नावावर. नाटकं करायची हौस मला!" तिनं पिशवीचा बंद पुन्हा खांद्यावर ओढला. "माझ्या नाटकापायी पोरीचा हात गेला रे."

सांग, आता सांग, असं आतून कुणी ओरडत होतं. मी तिची ट्रंक उचलून बसवर चढवली. बसचा कंडक्टर म्हणाला, "भिया, संभाल के." मी फक्त ट्रंक सांभाळली.

गेल्या वर्षी ऐकलं, की मावशी निवृत्त होऊन धारला राहते आणि थावरी तिच्याकडेच असते. दर महिन्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं, पाड्यावरून ते जमेना, म्हणून सुमलीनं ठेवलंय. मला झोप येईनाशी झाली. शेवटी एका रविवारी देवासहून धारची बस धरली. जाताना शेवेची पुडी घेतली. बघा अक्कल.

घर दोन खोल्यांचं. ओट्यावर आठ वर्षांची पोरगी डाव्या हातानं पाटीवर अक्षरं काढत होती. उजवा हात मांडीत, मुठीसारखा मिटलेला. शेजारी पाण्याची बाटली. तिच्यावर रंगानं रेघा, किती वाजेपर्यंत किती प्यायचं त्याच्या. मावशी पार वाळली होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, की मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

"अरे देवासकर! ये, ये. थावरी, देखो कौन आया. हे आमचे मराठीचे साहेब, मराठी येत नसलेले!"

चहा झाला. मी शेवेची पुडी तिच्यापुढे सरकवली. मग तीच म्हणाली, "बरं झालं आलास. तुला एक दाखवायचंय." आतून वही आणली, एक पान काढलं. "वाच. बोट ठेवून वाचलंस तरी चालेल."

मी बोट ठेवून वाचलं. 'आज उलगडले. माझ्या रक्ताची नळी तर मी पाड्यावरच ओतून टाकली होती, मग अदलाबदल कशी होईल? चिठ्ठीत मी खाली आहे असे लिहिले. देवासकर रिकामी समजला असेल. खालच्या खणात असे लिहायला हवे होते. त्याची मराठी कच्ची हे ठाऊक असून मी हट्टाने मराठीत लिहिले. चूक माझी.'

"तुला कळवणार होते," ती म्हणाली. "मग वाटलं, उगाच तुझ्या जिवाला घोर. तुझा काय दोष? आता तू आपणहून आलास, म्हणून दाखवलं. पण एक सांग, मग यादीत 'सामान्य' कसं आलं रे? कारकुनानं भरलं असेल ना? ते साहेब सारखे खाली-खाली करायचे."

पळवाटसुद्धा तिनंच आखून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मावशी, सामान्य मी लिहिलं."

तिनं वही मिटली.

"आणि नळी मला सापडली होती. गौरींच्या वेळी. खालच्या खणात. मी टाकून दिली."

तिनं बोटांवर मोजलं. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. चौथ्या बोटावर अंगठा थांबला. "म्हणजे थावरी झाली तेव्हा," ती हळू म्हणाली, "मी तिला तुझ्यापुढे घेऊन उभी होते, टाच बघू का म्हणून, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी ओट्यावर डोकं ठेवलं असतं. तिचा हात वर आलाही, अंगठा माझ्या डोळ्यापर्यंत आला. पण तिनं पापणी ओढली नाही. हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

थावरीनं बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हातानं झाकण उघडलं, रेघ बघितली आणि पाणी प्यायला लागली. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली, सांडलेलं पाणी तिच्या हनुवटीवरून टिपलं. मग माझ्याकडे पाठ तशीच ठेवून, बैठकीत साहेबांशी बोलायची त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "आप जाइए. देवास की बस अभी मिल जाएगी आपको."